खनिज : कायम ठेव की वार्षिक उत्पन्न?

(वार्षिक उत्सवाच्या व्याख्यानमालेत वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



देवस्थानच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हां दोन रकमा वेगवेगळ्या वाचल्या जातात. एक कायम ठेवीची आणि दुसरी वर्षाच्या उत्पन्नाची. नंदादीपाचे तेल, नैवेद्य, भटजींचे व वाजंत्र्यांचे मानधन, पालखीची डागडुजी, शिखराचा रंग, हे सारे उत्पन्नातून भागवावयाचे. ठेवीला हात लावावयाचा नाही. श्रींची जमीन विकावयाची किंवा दागिना मोडावयाचा प्रसंग आलाच तर महाजनांची सभा, तीत ठराव आणि त्यावर सरकारची मंजुरी एवढे सोपस्कार पार पाडावे लागतात. १९३३ च्या देवस्थान नियमावलीबद्दल महाजनांच्या पुष्कळ तक्रारी असतील, पण हा एक भेद तिने गोव्याच्या घराघरांत रुजविला, हे मान्य करावे लागेल. समजा, एखाद्या समितीने श्रींचे भातशेत विकले, आलेला पैसा उत्पन्नाच्या रकान्यात मांडला आणि ‘यंदाचे वर्ष विशेष भरभराटीचे गेले’ असा अहवाल सादर केला, तर अगदी मागच्या बाकावर बसणारा, एरव्ही तोंड न उघडणारा महाजनही उठून उभा राहील.

नेमकी हीच चुकीची नोंद गोव्याने आपल्या लोहखनिजाच्या बाबतीत सुमारे साठ वर्षे केली. ‘कच्च्या मालाच्या निर्यातीकडून संतुलित आर्थिक विकासाकडे’ असे आजच्या विषयाचे भारदस्त नांव आहे. तथापि त्याचा गाभा या एका नोंदीत सांठलेला आहे. जमिनीतून काढलेले खनिज पुन्हा उगवत नाही. ते विकून आलेला पैसा म्हणजे पीक नव्हे. ती मोडलेली ठेव होय.

ज्या पिढीने लिसेवच्या बाकांवर बसून पोर्तुगालचा इतिहास मुखोद्गत केला, तिला या प्रकारचे पहिले उदाहरण बालपणीच भेटलेले आहे. फक्त ते तसे शिकविले गेले नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगाल द्रव्यहीन झाला होता. परदेशी कापड विकत घ्यावयाला पैसा नाही, म्हणून एरिसेराच्या काउंटने देशातच लोकरी कापडाचे कारखाने उभारण्याचा उद्योग आरंभिला. १६९० मध्ये त्याचा अंत झाला आणि त्याच दशकात ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात सोने सांपडले. पुढे १७०३ मध्ये इंग्लंडशी मेथुएनचा तह झाला. इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचे दार उघडले आणि मोबदल्यात पोर्तुगीज मद्यावर इंग्लंडमध्ये फ्रेंच मद्याच्या दोन-तृतीयांशच जकात बसू लागली. ब्राझीलहून सोन्याने भरलेली गलबते लिस्बनच्या धक्क्याला लागत आणि त्यातील मोठा भाग कापडाची व धान्याची किंमत म्हणून लंडनला रवाना होई. इंग्लंडच्या बाजारात पोर्तुगीज सुवर्णनाणी इतकी खेळू लागली की तेथे त्यांना स्वतंत्र इंग्रजी नांवच मिळाले. राजाचा पाचवा हिस्सा वेगळा होता. त्यातून दों जुआंव पाचव्याने १७१७ पासून माफ्रा येथे राजवाडा व मठ यांची अवाढव्य इमारत उभी केली. ती आजही पाहण्यासारखी आहे, यात वाद नाही. पण एरिसेराने जे हाती घेतले होते ते मागे पडले. सोने ओसरू लागल्यावर, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पोंबालच्या मार्क्विसला कारखानदारीचा धडा पुन्हा पहिल्या पानापासून गिरवावा लागला.

सोने हा शाप होता असे यावरून सिद्ध होत नाही. जे काम अडचणीमुळे करावे लागले असते ते पुढे ढकलण्याची सोय सोन्याने करून दिली, एवढेच सिद्ध होते. आणि ही सोय मोठी गोड असते.

आता गोव्याकडे वळावे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा गोवा नारळ, सुपारी, काजू, मीठ आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर यांवर जगत होता. भात वर्षभर पुरत नसे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या महालांतील डोंगरांत लोखंड आहे हे ठाऊक होते, पण ते उचलणारा मोठा गिऱ्हाईक नव्हता. १९५० नंतर जपानचे पोलाद कारखाने पुन्हा उभे राहू लागले आणि तो गिऱ्हाईक मिळाला. कुदळ-पहारीने फोडलेले खनिज डोक्यावरच्या पाट्यांतून बायाबापड्यांनी वाहिले, बार्जांत भरले, आणि मांडवी-जुवारीच्या पाण्यावरून ते मुरगांव बंदरात पोंचले. पहिली काही वर्षे या साऱ्या उद्योगाचे यंत्र म्हणजे माणसाची मान एवढेच होते. पुढे यंत्रे आली, आणि १९६१ पर्यंत निर्यातीचा हिशेब लाखो टनांत होऊ लागला.

याच सुमारास, म्हणजे १९५४-५५ नंतर, भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. हिशेबाने गोव्याचे हाल व्हावयाचे. झाले उलटेच! खनिजाने मिळविलेल्या परकीय चलनावर हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट आणि पोर्तुगालचे मद्य येऊ लागले. पणजी-मडगांवच्या दुकानांत मुंबईला दृष्टीस न पडणाऱ्या वस्तू मिळू लागल्या. त्या दिवसांची आठवण काढताना वृद्धांचे डोळे अजून चमकतात आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण त्याच काळात आतल्या महालांतील कित्येक शेतकरी खाणीच्या मजुरीकडे वळले, कारण रोजचा रोख पैसा शेतात नव्हता. परदेशचा तांदूळ खनिजाच्या पैशात मिळत असताना घरच्या बांधाची दुरुस्ती कोण करणार? एरिसेराची गोष्ट अगदी लहान आकारात पुन्हा घडली.

अर्थशास्त्रात या रोगाला ‘डच रोग’ असे नांव आहे. हॉलंडच्या ग्रोनिंगेन भागात १९५९ मध्ये नैसर्गिक वायूचा प्रचंड सांठा सांपडला. वायूच्या निर्यातीने चलन महाग झाले आणि देशातील इतर कारखान्यांचा माल परदेशात विकेनासा झाला. १९७७ मध्ये लंडनच्या ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने त्याचे हे बारसे केले. गोव्याचे चलन १९६१ नंतर भारताचेच असल्याने येथे रोगाचे ते एक लक्षण दिसले नाही. दुसरे मात्र ठळक दिसले. जिकडे सहज पैसा तिकडे माणसे, कर्ज, वाहने आणि बुद्धी धांवली. बाकीचे धंदे उपाशी राहिले.

तरीही साठ वर्षांत सगळाच पैसा वाहून गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. एक उदाहरण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. १९५७ मध्ये वास्को येथे पोर्तुगीज सरकारने ‘एस्तालेइरुश नावाइश द गोवा’ या नांवाची एक गोदी काढली. खनिज वाहणाऱ्या बार्जा बांधाव्यात व दुरुस्त कराव्यात एवढाच तिचा मर्यादित हेतू. मुक्तीनंतर ती माझगांव गोदीकडे आली, १९६७ मध्ये ‘गोवा शिपयार्ड’ झाली, आणि ज्या धक्क्यावर खनिजाच्या बार्जांचे पत्रे ठोकले जात, त्याच धक्क्यावर पुढे भारतीय नौदलाची व तटरक्षक दलाची जहाजे बांधली गेली. खनिज थांबले तरी गोदी थांबली नाही. मांडवी आणि जुवारीच्या काठांवर बार्जा बांधणाऱ्या ज्या लहान-मोठ्या खाजगी गोद्या निघाल्या, त्यांतही वेल्डर, फिटर, सुतार, यंत्र जुळविणारे असे कसबी हात तयार झाले. मोडलेल्या ठेवीतून नवी ठेव निर्माण होण्याचा हा प्रकार होय. खनिज जपानला गेले, पण कसब गोव्यात उरले.

येथे एका लोकप्रिय उपायाचा विचार केला पाहिजे. ‘खनिज बाहेर का पाठवावे? येथेच पोलाद बनवावे’ असे भाषणांतून वारंवार ऐकू येते. ऐकावयास हे फार रास्त वाटते. पण गोव्याचे खनिज हलक्या प्रतीचे आहे व त्यात भुकटीचे प्रमाण मोठे आहे. देशातील पोलाद कारखाने दीर्घकाळ त्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते. भुकटीचे गोळे बनविण्याचा, म्हणजे पेलेटचा, देशातील पहिला कारखाना १९६७ मध्ये गोव्यातच पाळी येथे निघाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुढे आमोणे येथे बिडाचा कारखानाही आला. परंतु लोखंड वितळवावयाला दगडी कोळसा लागतो, आणि तो गोव्याच्या भूमीत मुळीच नाही. विजेचा मोठा पुरवठा बाहेरून, आणि पाणी तर पिण्यालाच अपुरे. कोळसा जहाजाने आणावयाचा, त्याची काजळी मुरगांव-वास्कोच्या घरांवर बसू द्यावयाची आणि त्याला संतुलित विकास म्हणावयाचे, हे गणित सरळ नाही. कच्च्या मालावर प्रक्रिया म्हणजे आपोआप प्रगती, ही समजूत सोडून द्यावी लागेल. खनिजाच्या भोवती कोणते कसब वाढते, आणि खनिज संपल्यावर ते कोणते दुसरे काम करू शकते, ही कसोटी अधिक खरी. गोदी त्या कसोटीला उतरली.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चीनचे पोलाद कारखाने वाढले आणि जी भुकटी फेकून दिली जात होती तिलाही भाव आला. जुने डंप पुन्हा उकरले गेले. २०१०-११ या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून सुमारे ५ कोटी ४० लाख टन खनिज बाहेर गेले. त्यातील काही कर्नाटकातून आलेले होते. ते वजा केले तरी त्या वर्षीच्या शिरगणतीतील १४ लाख ५८ हजार लोकसंख्येवर माणशी ३० टनांहून अधिक पडते. पाळण्यातल्या मुलापासून अंथरुणावरच्या आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या नांवे ३० टन! दहा टनांचा टिप्पर धरला तर एका हंगामात चाळीस लाखांवर खेपा होतात. शिवाय टनभर खनिजासाठी अडीच ते तीन टन माती बाजूला काढून कोठे तरी टाकावी लागते. ती पावसाळ्यात ओहोळांतून भातशेतांत आणि नदीच्या पात्रांत उतरली.

या ठेवीच्या बदल्यात समाजाच्या पेटीत काय पडले? ऑगस्ट २००९ पर्यंत लोहखनिजावरचे स्वामित्वधन टनामागे ठराविक रुपयांत आकारले जात होते. उत्तम प्रतीच्या ढेकळांनाही तीस रुपयांच्या आतच. बाजारात भाव कितीही चढो, पेटीत पडणारी रक्कम तीच. त्यानंतर ते किमतीच्या १० टक्के झाले व २०१४ मध्ये १५ टक्के. श्रींचे कुळागर पावणीला लावताना महाजन बोली करणाऱ्यांकडून शेवटच्या रुपयापर्यंत चढ मागतात. डोंगरच्या डोंगर देताना मात्र ही चिकाटी कोठे गेली, हे कोडेच आहे.

हंगाम अकस्मात थांबला. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला, राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण थांबविले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की पोर्तुगीज काळातील सनदांतून आलेल्या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. काही काळ काम पुन्हा सुरू झाले, पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यास पुन्हा शांतता पसरली.

त्या शांततेने विकासाचे खरे रूप उघडे केले. पणजी, म्हापसा, मडगांव येथील बाजार चालूच राहिले. औद्योगिक वसाहतींतील औषधांचे कारखाने, किनाऱ्यावरील हॉटेले, यांना मोठा धक्का बसला नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आणि १९८० नंतर वाढलेले पर्यटन यांनी राज्य सावरून धरले. आकड्यांत पाहिले तर गोव्याची अर्थव्यवस्था बऱ्याच अंशी संतुलित झाली होती, असा निर्वाळा कोणीही देईल. पण उसगांव, सावर्डे, कुडचडे, साखळी, डिचोली येथे दारोदार टिप्पर ताडपत्र्या पांघरून उभे होते, आणि त्या प्रत्येकावर बँकेचे कर्ज होते. गॅरेजवाला, चहाच्या गाड्यावाला, टायरवाला, भाड्याच्या खोल्या बांधलेली विधवा, या साऱ्यांचे उत्पन्न एकाच दिवशी आटले. संतुलन किनाऱ्यावर होते. डोंगराकडच्या तालुक्यांत एकच पीक होते. धंद्या-धंद्यांतले संतुलन सर्वांनी मोजले, तालुक्या-तालुक्यांतले कोणी मोजले नाही.

शिरगांवचे उदाहरण या सभेत सांगावेच लागेल. श्री लईराईच्या जत्रेला तेथे हजारो धोंड व्रतस्थ राहून जातात. त्या गांवाच्या अंगाला लागून खाणींचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले आणि गांवच्या विहिरी व झरी आटल्या; टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागली, शेतजमिनी गाळाने भरल्या. गांवातून सोन्याच्या किमतीचे खनिज जात होते आणि गांवात कळशीभर पाणी नव्हते. हा खर्च कोणत्याही वर्षाच्या जमाखर्चात लिहिला गेला नाही.

दुसऱ्या देशांनी काय केले ते थोडक्यात पाहता येईल. प्रशांत महासागरातील नौरू हे अवघ्या २१ चौरस किलोमीटरांचे, म्हणजे गोव्यातील एखाद्या मोठ्या गांवाएवढे राष्ट्र. १९६८ मध्ये ते स्वतंत्र झाले आणि फॉस्फेट विकून काही काळ जगातील अतिश्रीमंतांत जाऊन बसले. त्यांनी ठेवीचा निधीही काढला होता, हे विशेष. पण निधीच्या पैशातून मेलबर्नला ५२ मजली इमारत बांधली, लंडनच्या रंगभूमीवर १९९३ मध्ये लिओनार्दो द विंचीवरील एका संगीत नाटकाला भांडवल पुरविले; ते नाटक पडले, आणि इमारतही २००४ मध्ये विकावी लागली. बेटाचा मधला भाग उकरून ओसाड झाला होता. निधी असणे पुरेसे नाही, त्याचे विश्वस्त कोण हेही पाहावे लागते. महाजनांना हे निराळे सांगण्याची गरज नाही.

याउलट नॉर्वे. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात तेल सांपडले. १९९० मध्ये कायद्याने निधी स्थापन झाला व १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली. तो पैसा देशाबाहेर गुंतवावयाचा, म्हणजे देशात महागाई व मजुरी फुगणार नाही, आणि २००१ पासून असा दंडक की सरासरीने निधीच्या ४ टक्क्यांएवढीच रक्कम वर्षाच्या अंदाजपत्रकात घ्यावयाची. २०१७ मध्ये ते प्रमाण ३ टक्क्यांवर आणले. मूळ ठेव कायम, खर्च व्याजातून. ओस्लोच्या अर्थमंत्र्यांनी गोव्यातील एखाद्या देवस्थानचे दप्तर चाळले असते तर त्यांना पुष्कळ पाने ओळखीची वाटली असती.

गोव्यातही या विचाराचे बीज पडलेले आहे. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २०१४ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीच्या किमतीतील १० टक्के रक्कम ‘गोवा लोहखनिज कायम निधी’ म्हणून बाजूला काढण्यास सांगितले आणि वार्षिक उत्खननाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. पुढच्या पिढीचाही खनिजावर हक्क आहे, हे त्यामागचे तत्त्व. २०१५ च्या केंद्रीय कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. खाणींनी बाधित झालेल्या गांवांवर खर्च व्हावा हा त्यांचा उद्देश. पट्टे लिलावाने देण्याची सक्तीही त्याच कायद्याने केली. डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यातील पहिल्या चार पट्ट्यांचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा यंत्रे फिरू लागली.

म्हणजे दुसरा डाव मांडला गेला आहे. पहिल्या डावापेक्षा या खेपेस किंमत अधिक येईल. लिलावातील बोलीमुळे टनामागे सरकारला मिळणारा वाटा पूर्वीच्या स्वामित्वधनाहून कितीतरी मोठा आहे. धोका आता निराळ्या जागी आहे. मोठी रक्कम आली की ती पगार, अनुदाने आणि उद्घाटने यांत विरघळविण्याचा मोह मोठा होतो. ती रक्कम उत्पन्नाच्या रकान्यात मांडली गेली, की माफ्राचा राजवाडा उभा राहतो आणि एरिसेराचा कारखाना बंद पडतो.

आतल्या तालुक्यांत करावयाची कामे मुळीच अद्भुत नाहीत. गाळाने भरलेली भातशेते उपसणे. खाजनांचे बांध आणि मानशी धड करणे. कुळागरांना उन्हाळ्यात पाणी पोंचेल असे पाट राखणे. डंपांवर माती धरून ठेवणारी झाडे लावणे. सोडून दिलेल्या खड्ड्यांतील पाण्याचा कायमचा उपयोग ठरविणे. तसेच जेथे टिप्पर दुरुस्त होत तेथे यंत्रशिक्षणाच्या चांगल्या शाळा असणे, म्हणजे उसगांवच्या मेकॅनिकचा मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा वास्कोच्या गोदीत कामगार म्हणून नव्हे, तर कसबी म्हणून जाईल. यातील एकही काम एका निवडणुकीच्या मुदतीत फळास येणारे नाही, आणि म्हणूनच ते व्याजातून, दरवर्षी थोडे थोडे, पण अखंड व्हावे लागेल. नंदादीपाला तेल घालावे तसे.

यासाठी एक सूचना या व्यासपीठावरून मांडण्यासारखी आहे, आणि ती महाजनांच्या रोजच्या व्यवहारातलीच आहे. कायम निधीत वर्षारंभी किती रक्कम होती, वर्षात किती टन खनिज गेले, त्याबद्दल किती भर पडली, व्याज किती आले, ते कोणत्या गांवी कशावर खर्चले आणि वर्षाअखेर शिल्लक किती, एवढ्या सहा ओळी दरवर्षी खाणपट्ट्यातील प्रत्येक ग्रामसभेत मराठीत व कोंकणीत मोठ्याने वाचून दाखवाव्यात. वाचणाऱ्याला प्रश्न विचारण्याची मुभा असावी, आणि उत्तर मिळेपर्यंत सभा तहकूब ठेवण्याचीही. शिरगांव, पाळी, वेळगे, कोडली येथील मंडळी अशा सभांना सरावलेली आहेत. त्यांच्या देवळांच्या सभामंडपांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. फक्त आजवर तेथे डोंगराचा जमाखर्च कधी वाचला गेला नाही.